हाड मोडण्याआधीची शुश्रूषा

१९२१ साली ‘ग्लासगो मेडिकल जर्नल’मध्ये नाशिक शहरातल्या मुडदुसाचा एक अभ्यास छापून आला. एच. एस. हचिसन आणि पी. टी. पटेल हे त्याचे लेखक. मुडदूस अपुऱ्या, निकृष्ट अन्नामुळे होतो अशी तेव्हा अनेकांची खात्री होती. नाशकात मात्र तो पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांत जास्त सापडला. दिवसभर उन्हात वावरणाऱ्या गरीब कुटुंबांतली मुलं, पोटाला बेताचं मिळूनही, बरीचशी सुटली होती. त्याच सुमारास बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याखाली मुडदुसाची मुलं बरी करून दाखवली. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉड माशाच्या तेलाचा गुण सिद्ध केला. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकोलम यांनी त्या तेलातला गुणकारी घटक वेगळा ओळखला, त्यालाच आपण ‘ड’ जीवनसत्त्व म्हणतो.

म्हणजे कारण कळून शंभर वर्षं झाली आणि उपायही कळला. तरीही आपल्या बाह्यरुग्ण विभागांत वाकड्या पायांची मुलं येतात, तिशीतल्या बायका कंबर धरून जिना चढतात, आणि न्हाणीघरात पाय घसरलेली आजी खुबा मोडून दाखल होते. औषधांचा तुटवडा हे याचं कारण म्हणता येणार नाही. यातली बहुतेक औषधं आता स्वस्त आहेत. चयापचयाच्या बिघाडातून होणाऱ्या हाडांच्या आजारांत औषध लिहून देणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. ते महिनोन्‌महिने योग्य रीतीने पोटात जाणं, रुग्णाला उचलता-वळवताना नवं हाड न मोडणं, एकदा मोडलेल्याचं दुसऱ्यांदा न मोडणं, हे सगळं शुश्रूषेचं काम. आपल्याकडे ते अजून कोणाच्याच नावावर लिहिलेलं नाही. हाडं मोडली की अस्थिरोग विभाग, संप्रेरकं बिघडली की वैद्यकीय विभाग, मूत्रपिंड बिघडलं की डायलिसिस. रुग्ण या तिन्ही दारांतून फिरतो आणि त्याच्या हाडांकडे सलग बघणारं कोणी नसतं.

हाड बाहेरून दगडासारखं निर्जीव वाटतं, पण ते सतत मोडत आणि बांधलं जात असतं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड पोखरतात, दुसऱ्या प्रकारच्या तिथे नवं हाड भरतात, आणि प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा बदलला जातो. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रक्तातलं कॅल्शियम जरा कमी झालं की मानेतल्या चार छोट्या परावटू ग्रंथी हाडांतून ते काढून घेतात. त्वचेत तयार झालेलं ‘ड’ जीवनसत्त्व आधी यकृतात, मग मूत्रपिंडात बदलून कामाला लागतं आणि आतड्यातून कॅल्शियम शोषायला मदत करतं. या साखळीत कुठेही खंड पडला तर त्याचा परिणाम अखेर हाडावर होतो.

बिघाड कुठे झाला यावर शुश्रूषा ठरते, म्हणून एक भेद लक्षात ठेवायला हवा. अस्थिमृदुतेत, म्हणजे ऑस्टिओमलेशियात, आणि मुडदुसात भिंतीच्या विटा जागेवर असतात, पण सिमेंट ओलंच राहतं. अस्थिसुषिरतेत, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमध्ये, सिमेंट ठीक असतं, विटाच कमी पडतात. मऊ हाड दुखतं, दाबलं की दुखतं, वाकतं. सुषिर हाड मोडेपर्यंत दुखतच नाही. त्यामुळे पहिल्या रुग्णाला वेदनेवरून ओळखता येतं. दुसऱ्याला शोधावं लागतं.

अस्थिमृदुतेची स्त्री बहुधा आधी दुसरीकडे फिरून आलेली असते. मांड्या, कंबर, बरगड्या दुखतात. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, एसटीची पायरी चढवत नाही, चालताना दोन्ही बाजूंना झुलल्यासारखं होतं. तिला कोणी ‘मणक्यात गॅप’ सांगितलेली असते, कोणी संधिवात, कोणी ‘मनाचं आहे’. घरातही काम टाळते म्हणून बोलणी बसलेली असतात. तपासलं तर रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी आणि परावटूचं संप्रेरक चढलेलं आढळतं. क्ष-किरणात मांडीच्या किंवा कटीच्या हाडात अर्धवट भेगेसारखी रेघ दिसते. पण या तपासण्यांपर्यंत पोहोचायच्या आधी एक साधा प्रश्न पुरतो, आणि तो रक्तदाब मोजणाऱ्या सिस्टरनेही विचारायला हरकत नाही: “ताई, खाली बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो का?” उत्तर ‘हो’ आलं तर बरगडीवर आणि नडगीवर अंगठ्याने हलकं दाबून बघावं. वेदनेने चेहरा आक्रसला की डॉक्टरांना सांगावं.

उपचार सोपा आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची मात्रा आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, सोबत कॅल्शियम; पुढे कमी मात्रा चालू. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत परतते, हाडं भरायला महिने लागतात. चुका याच अंतरात होतात. दुखणं थांबलं की पुड्या थांबतात. आणि याच्या उलट घोटाळा त्याहून घातक: आठवड्याची पुडी रोज घेतली जाते. ‘ताकदीची पुडी’ म्हणून शेजारीण सुचवते, औषधाचं दुकान चिठ्ठीशिवाय देतं. दोन-तीन महिन्यांनी उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, गोंधळलेपणा सुरू होतो. रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. पुडी हातात देताना वार लिहून देणं, रिकामी पाकिटं पुढच्या भेटीला आणायला सांगणं, एवढ्याने हा धोका टळतो. सहा लाख युनिटांचं इंजेक्शन सरसकट टोचण्याची सवयही सोडायला हवी. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात वयस्कर स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटं देऊन पाहिलं, तेव्हा पडणं आणि हाड मोडणं दोन्ही वाढलं. दुसऱ्या बाजूने, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत, कमतरता नसलेल्या निरोगी माणसांना रोज दोन हजार युनिटं देऊन हाड मोडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. ज्याला कमी आहे त्याला द्यावं, मापाने द्यावं आणि सातत्याने द्यावं, एवढाच या दोन्हींतून निघणारा अर्थ.

‘ड’ जीवनसत्त्व भरूनही दुखणं हटत नसेल तर रक्तातलं फॉस्फरस बघावं लागतं. काही कुटुंबांत फॉस्फेट मूत्रावाटे वाहून जाण्याचा आनुवंशिक दोष असतो. काहींच्या शरीरात कुठेतरी, पायाच्या तळव्यात किंवा नाकाच्या पोकळीत, शेंगदाण्याएवढी गाठ असते आणि ती फॉस्फेट बाहेर टाकणारा स्राव सोडत राहते. ती सापडून निघाली तर वर्षानुवर्षं चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस चालू लागतो. तोवर फॉस्फेटचं द्रावण दिवसातून चार-पाच वेळा द्यावं लागतं, त्याने जुलाब होतात, आणि शाळकरी मुलाला मधल्या सुट्टीतली मात्रा कोण देणार हा खरा प्रश्न असतो. शाळेतल्या बाईंना विश्वासात घेणं हा इथे उपचाराचाच भाग होतो.

मुलांच्या मुडदुसाकडे वळताना आपल्या एका लाडक्या समजुतीला हात घालावा लागतो. बाळाला आणि आजीला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवायची आपली जुनी रीत. ते ऊन सुखाचं असतं, पण ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण त्यात फार थोडे. ते मिळतात साधारण दहा ते तीनच्या दरम्यान, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा, आणि खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. सावळ्या कातडीला वेळही जास्त लागतो. पुण्यातल्या वस्त्यांमधल्या लहान मुलांच्या अभ्यासात दिसलं ते शंभर वर्षांपूर्वीच्या नाशिकसारखंच आहे: बाहेर खेळणारी मुलं ठीक, दिवसभर खोलीत राहणारी मुडदुसाच्या वाटेवर. फरक इतकाच की तेव्हा पडद्यामुळे दार बंद होतं. आता आई कामावर गेलेली असते आणि मूल सुरक्षित राहावं म्हणून दाराला कडी लावलेली असते. तिथे ‘मुलाला उन्हात न्या’ हा सल्ला अपुरा पडतो. वस्तीतली पाळणाघरं आणि अंगणवाडीचं अंगण हीच तिथली औषधं आहेत.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत उन्हावर भिस्त न ठेवता पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिटांचे थेंब द्यावेत, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार कमी असतं, आणि आईलाच कमी असेल तर बाळ जन्मतःच उणं असतं. म्हणून मुडदुसाची शुश्रूषा गरोदरपणात सुरू होते. सरकारी सूचनेप्रमाणे गरोदर स्त्रीला चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या, बाळंतपणानंतरही सहा महिने, द्यायच्या असतात. एएनएम आणि आशाताई त्या वाटतात. पण त्याच पिशवीत लोहाची गोळीही असते, आणि दोन्ही एकदम घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम जेवणाबरोबर, लोह दोन तास सोडून, आणि लोह चहाबरोबर नाही: या तीन सूचना तोंडी सांगून विसरल्या जातात, घरातल्या जेवणाच्या वेळा विचारून त्या वेळांशी गोळी बांधून द्यावी.

मुडदुसाच्या बाळाला कधी पहिलं लक्षण म्हणून झटकेच येतात आणि ते रक्तातल्या कमी कॅल्शियममुळे असतात. मनगटं रुंद, कपाळ पुढे आलेलं, दात उशिरा, आणि उभं राहायला लागल्यावर पाय बाहेर वाकलेले, ही ओळखीची चिन्हं. एक ते बारा वर्षांच्या मुलाला निदान तीन महिने रोज तीन ते सहा हजार युनिटं आणि आहारातून किंवा औषधातून किमान ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, ही २०१६ च्या जागतिक सहमतीतली मात्रा. दूध सुटल्यावर पेज आणि बिस्किटांवर वाढणाऱ्या मुलांत कॅल्शियमची कमतरता स्वतंत्रपणेही मुडदूस करते, म्हणून नुसते थेंब पुरत नाहीत. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, वाटीभर दुधात त्याहून कमी. नाचणीचं सत्त्व ही आपल्याकडची जुनी गोष्ट या ठिकाणी खरी उपयोगी पडते. लहान मुलांचे वाकडे पाय औषधाने बहुधा आपोआप सरळ होतात. आईबाप मात्र घाईला येतात, बूट आणि पट्टे लावतात, कोणी शस्त्रक्रिया करून मोकळे होतात. आतला बिघाड दुरुस्त होण्याआधी केलेली शस्त्रक्रिया टिकत नाही. दर तीन महिन्यांनी दोन्ही गुडघ्यांमधलं अंतर टेपने मोजून कार्डावर लिहिलं की आईला प्रगती डोळ्यांनी दिसते आणि ती थांबायला तयार होते.

सगळ्यात मोठा डोंगर अस्थिसुषिरतेचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये तिची व्याख्या ठरवली: हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली. आपल्याकडे खुब्याचं हाड पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी मोडतं. पाळी लवकर जाणं, आहारात कॅल्शियम कमी, स्नायूंची ताकद कमी, ही कारणं आहेतच. पण त्यात एक कारण आपण हातांनी वाढवतो, ते म्हणजे स्टेरॉइड. दमा, आमवात, त्वचारोग यांसाठी ती योग्य कारणाने लागतात. पण गावोगावी गुडघेदुखीवर विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. ‘ही पुडी घेतली की आठ दिवस मस्त जातात’ असं रुग्ण सांगू लागला, चेहरा गोल झालेला दिसला, कातडीवर सहज काळेनिळे डाग उमटताना दिसले, की ती पुडी बघायला मागावी. आणि ती एकदम बंद करायची नसते हेही तिथेच सांगावं, नाहीतर रक्तदाब कोसळून दुसरंच संकट उभं राहतं.

डेक्सा मशिन तालुक्याला नसतं. टाच तपासून ‘हाडांची घनता’ सांगणारी शिबिरं असतात, पण त्यांवरून उपचार ठरवता येत नाहीत. मग काय करावं? उंची मोजावी. आपण लहान मुलांची उंची मोजतो आणि पुढे आयुष्यभर विसरतो. साठीनंतरच्या स्त्रीची उंची तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त कमी झाली असेल तर मणका नकळत दबलेला असण्याची शक्यता मोठी. ओटा उंच वाटू लागला, पोलका पुढून लांब आणि पाठीवर आखूड होऊ लागला, बरगड्या कटीला टेकल्यासारख्या वाटतात, ही त्याची घरगुती लक्षणं. उपकेंद्राच्या भिंतीवर एक पट्टी आणि नोंदवहीत एक रकाना: माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत स्वस्त तपासणी हीच आहे.

औषधांत सगळ्यात जास्त वापरली जाते ती अॅलेंड्रोनेट, सत्तर मिलिग्रॅम, आठवड्यातून एक गोळी. हाड पोखरणाऱ्या पेशींना ती आवरते. तिची घ्यायची पद्धत इतकी काटेकोर आहे की औषध चाललं की नाही हे पद्धतीवरच ठरतं. सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधी, पूर्ण पेलाभर साध्या पाण्याबरोबर, उभ्याने किंवा ताठ बसून. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकून झाडू मारायचा नाही, दूध-चहा-कॅल्शियम काही घ्यायचं नाही. चहाबरोबर घेतली तर ती जवळपास वाया जाते. घोटभर पाण्याने घेऊन आडवं झालं तर अन्ननलिकेला व्रण पडतो. ज्या स्त्रीचा दिवस सगळ्यांना चहा देऊन सुरू होतो तिला हा अर्धा तास कोणी तरी मोकळा करून द्यावा लागतो, म्हणून ही सूचना तिला एकटीला न देता सुनेला, मुलाला, नवऱ्यालाही द्यावी. एक वार ठरवून कालनिर्णयवर खूण करावी. थायरॉइडची गोळीही रिकाम्या पोटीच असते. दोन्ही चालू असतील तर त्या दिवसाचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

ज्यांना हे जमत नाही त्यांना झोलेड्रोनिक आम्ल वर्षातून एकदा शिरेतून देतात. २००७ च्या मोठ्या चाचणीत त्याने मणक्यांचे अस्थिभंग ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत, खुबा मोडून शस्त्रक्रिया झाल्यावर नव्वद दिवसांच्या आत ते दिलेल्या रुग्णांत मृत्यूही २८ टक्क्यांनी कमी झाले. सलाईन लावण्याआधी क्रिएटिनिन आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचा रिपोर्ट बघणं, रुग्ण पाणी प्यायलेला आहे ना हे विचारणं, पंधरा मिनिटांपेक्षा वेगाने न सोडणं ही सिस्टरची जबाबदारी. पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते. हे आधी सांगितलं तर पॅरासिटामॉलवर भागतं. नाही सांगितलं तर रुग्ण पुढच्या वर्षी फिरकत नाही.

डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी. ते उत्तम काम करतं, पण मात्रा चुकली की साठवलेलं हाड वेगाने वाहून जातं आणि एकामागून एक मणके दबू शकतात. म्हणून ज्याचा पाठपुरावा होणार नाही त्याला ते सुरू करण्याआधी दहादा विचार करावा, आणि सुरू केलं तर पुढची तारीख रुग्णाच्या आणि आपल्या, दोघांच्या वहीत हवी. टेरिपॅराटाइड नवं हाड बांधतं. रोज पोटावर किंवा मांडीवर टोचायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. भारतीय बनावटीमुळे ते आता अधिक घरांच्या आवाक्यात आलं आहे. पण दिवसाचे दहा तास भारनियमन असलेल्या गावात पेन कुठे ठेवणार, हे विचारल्याशिवाय ते लिहू नये. अॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब दीर्घकाळ घेणाऱ्याच्या मांडीत नवी, ठणकणारी वेदना आली किंवा दात काढायचा असला तर आधी सांगायला हवं; मांडीचं वेगळ्या तऱ्हेचं मोडणं आणि जबड्याचं हाड मृत होणं हे या औषधांचे दुर्मीळ पण खरे धोके आहेत. त्यांची भीती घालून औषध बंद पाडणं मात्र चुकीचं. न मोडणाऱ्या खुब्यांची संख्या त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

मणका दबलेल्या रुग्णाला कुशीवर वळवण्याची रीत मी नव्या विद्यार्थिनींना पलंगाशेजारी उभं करून दाखवते. दोघी जणी एकाच बाजूला. रुग्णाचे हात छातीवर, गुडघ्यांच्या मध्ये उशी. एकीचे हात खांद्यावर आणि कमरेवर, दुसरीचे कटीवर आणि मांडीवर. तीनपर्यंत मोजून खांदा आणि कटी एकाच क्षणी, एकाच रेषेत फिरवायची. मधला मणका पिळला जाता कामा नये. उठवताना आधी कुशीवर, मग पाय पलंगाखाली, मग कोपराने रेटून धड वर. हात धरून ओढून बसवण्याची आपली प्रेमळ पद्धत इथे बरगडी मोडते. हाडं फारच ठिसूळ असलेल्या लहान मुलाचं दुपटं बदलताना घोट्यांना धरून पाय वर करायचे नाहीत. ढुंगणाखाली पूर्ण तळहात सरकवून उचलायचं. रक्तदाबाचा पट्टाही अशा दंडावर जपून फुगवावा. आणि मालीश: दबलेल्या मणक्यावर जोर लावून केलेली मालीश आणि हाडवैद्याचे झटके दोन्ही टाळायला सांगताना, तेल लावण्यातली माया मोडीत काढायची नाही. हलक्या हाताने तेल लावा, दाबू नका, एवढं म्हटलं की घर ऐकतं.

व्यायामातही असाच भेद आहे. १९८४ मध्ये सिनाकी आणि मिकेलसन यांनी मेयो क्लिनिकमध्ये, हाडं सुषिर झालेल्या स्त्रियांच्या गटांना वेगवेगळे व्यायाम दिले. पाठ मागे ताणणाऱ्या गटात १६ टक्क्यांत नवे मणके दबले, पुढे वाकणाऱ्या गटात ८९ टक्क्यांत. गट लहान होते, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पाठ वाकलेल्या आजीला योगवर्गात पश्चिमोत्तानासन आणि पादहस्तासन करायला लावू नये; सोसेल इतपत भुजंगासन, भिंतीला पाठ लावून उभं राहणं, चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं चालतं. पाण्याची बादली दोन हातांत दोन अर्ध्या अशी वाटून न्यावी.

खुबा मोडलेल्या रुग्णांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो, आणि ते क्वचितच हाडामुळे होतं. न्यूमोनिया, पाठीच्या आणि टाचांच्या जखमा, पायातल्या शिरेत गोठलेलं रक्त, रात्रीचा भ्रम आणि न जेवणं यांमुळे होतं, म्हणजे ज्या गोष्टी शुश्रूषा थोपवू शकते त्यांमुळे. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी. पैशांच्या जुळवाजुळवीत किंवा सरकारी आरोग्य योजनेच्या मंजुरीत आठवडा गेला तर नुकसान भरून निघत नाही. वेदना नीट आवरली तर भ्रम कमी होतो. चष्मा आणि कानाचं यंत्र उशाशी हवं. घरचं माणूस रात्री जवळ असलं तर आजी सलाईन उपटत नाही. दर दोन तासांनी कूस, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी, लघवीची नळी लवकर काढणं, दुसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला बसवणं आणि शक्य तितक्या लवकर उभं करणं. ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय, पडू द्या आता’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना समजावणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आणि सगळ्यात महत्त्वाचं.

मूत्रपिंडाच्या रुग्णांची हाडं वेगळ्या वाटेने बिघडतात. फॉस्फेट बाहेर पडत नाही, ‘ड’ जीवनसत्त्व कामाला लागत नाही, परावटू ग्रंथी चवताळतात. हाडं दुखतात, अंगाला खाज सुटते, रक्तवाहिन्यांत चुना साचतो. फॉस्फेट बांधून ठेवणारी गोळी जेवणाच्या घासांबरोबर घ्यायची असते. जेवणानंतर तासाने किंवा रिकाम्या पोटी घेतली तर ती बांधणार तरी काय? रुग्ण ‘गोळ्या चालू आहेत’ म्हणतो, रिपोर्ट चढतो आणि मात्रा वाढते. डायलिसिसची सिस्टर त्याला आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास भेटते. कोणताही डॉक्टर कोणत्याही रुग्णाला इतका वेळ भेटत नाही. ‘काल रात्री काय जेवलात आणि गोळी कधी घेतलीत’ हे तिने विचारलं तर महागड्या औषधांची बरीच वाढ टळेल. डाळ सरसकट बंद करण्यापेक्षा पाकीटबंद पदार्थ, कोला आणि प्रोसेस्ड चीज आधी बंद करावं. त्यांतला मिसळलेला फॉस्फेट जवळपास सगळा शोषला जातो, डाळीतला बराच कमी.

परावटू ग्रंथीच्या गाठीचे रुग्ण आपल्याकडे अजूनही मुतखडे आणि मोडलेली हाडं घेऊन उशिरा येतात. गाठ काढली की रोग बरा होतो, पण पुढचे दोन-चार दिवस धोक्याचे. भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात का, हे दर पाळीत विचारायचं, रात्रपाळीतही. रक्तदाबाचा पट्टा वरच्या आकड्याहून थोडा जास्त तीन मिनिटं फुगवला आणि हाताचा पंजा आकडी येऊन वळला, तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना बोलवावं. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश, हृदयाच्या आलेखावर नजर ठेवून. सुई शिरेत नीट आहे ना याची आधी खात्री, कारण बाहेर झिरपलं तर कातडी जळते.

फ्लोरोसिसला औषध नाही. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड मर्यादेच्या वर आहे. लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीडच्या वर धोका. दातांवर डाग, मग मान आणि पाठ ताठ. हाडं क्ष-किरणात दाट दिसतात आणि तरीही मोडतात. इथे पाणी बदलणं हाच उपचार, आणि ताठ झालेल्या माणसाला रोज सांधे हलवून देणं हीच शुश्रूषा. हाडांची बांधणी बिघडवणारा पॅजेटचा रोग मात्र आपल्याकडे विरळा. झोलेड्रोनिक आम्लाच्या एका मात्रेने तो बहुतेकदा आटोक्यात येतो.

एवढा पसारा सांभाळणारं माणूस कोण? ग्लासगोमध्ये १९९९ च्या सुमारास एक व्यवस्था सुरू झाली: पन्नाशीपुढचा कोणीही साध्या पडण्याने हाड मोडून आला की एका खास नेमलेल्या परिचारिकेकडे त्याचं नाव जातं. ती घनता तपासून घेते, औषध सुरू होतंय ना बघते, पडण्याची कारणं शोधते आणि नंतर फोन करत राहते. पुढे ती व्यवस्था अनेक देशांनी उचलली, कारण एकदा मोडलेलं हाड हीच दुसऱ्या अस्थिभंगाची सर्वांत पक्की सूचना असते. आपल्याकडे काही मोठ्या रुग्णालयांनी असे प्रयत्न केले आहेत. जिल्हा रुग्णालयांना त्यासाठी नवी इमारत किंवा यंत्र लागत नाही. अस्थिरोग विभागात एक पूर्णवेळ सिस्टर, एक फोन आणि एक वही लागते. प्लास्टर झालेल्या प्रत्येक पन्नाशीपुढच्या रुग्णाचं नाव, उंची, चालू औषधं, स्टेरॉइडची चौकशी त्या वहीत यावी. सुट्टी देताना पुढच्या गोळीचा वार ठरावा. पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने फोन व्हावा. घरी न्हाणीघरात दांडी लागली का, पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा असतो का, दारातलं पायपुसणं उचललं का, हे आशाताईने बघून यावं. मनगट मोडून आलेली बावन्न वर्षांची बाई या वहीत चढली, तर पंधरा वर्षांनी खुबा मोडून येणाऱ्या रुग्णांत ती असण्याची शक्यता बरीच कमी होते. मनगटाचं प्लास्टर काढताना आज तिला कोणी पुढचा एकही प्रश्न विचारत नाही, आणि सुरुवात तिथूनच करता येईल.